घरी सनस्क्रीन बनवताय? या चुका टाळा

घरचं मॉइश्चरायझर बिघडलं तर फार तर चिकट होतं. सनस्क्रीन बिघडलं, तर ते डब्यात पाहून कळतच नाही. कळतं ते संध्याकाळी, गाल लाल झाल्यावर.

पहिली गफलत तेलांची. नारळाच्या किंवा रास्पबेरीच्या बियांच्या तेलात भरपूर एसपीएफ (उन्हापासून किती संरक्षण मिळतं त्याचं माप) असतो, हे सगळीकडे छापलेलं असतं. त्यावर विसंबू नका. घरच्या कृतीत काम करतं ते झिंक ऑक्साइड, म्हणजे ऊन अडवणारी पांढरी पावडर. तेलं फक्त ते पसरवायला असतात.

आणि खरी गोची या पसरवण्यातच आहे. पावडर थेट क्रीममध्ये टाकून चमच्याने ढवळली की बारीक गाठी राहतात. गाठ आहे तिथे झिंक जास्त, शेजारी जवळपास नाहीच, आणि ऊन नेमकं तिथूनच आत शिरतं. आधी थोड्याशा तेलात पावडर खलून गुळगुळीत पेस्ट करा, मग बाकीचं तेल घाला. काचेवर पातळ थर लावून उजेडात धरा. ठिपके दिसले तर पुन्हा खला. ठिपके नसले, तरी एसपीएफ किती हे मात्र समजत नाही. ते घरी मोजता येत नाही, आणि २० टक्के झिंक म्हणजे एसपीएफ २० असंही काही नसतं.

तयार लोशनमध्ये झिंक मिसळणं हा शॉर्टकट मोहात पाडतो. झिंक ऑक्साइड आम्लाशी अभिक्रिया करतं, त्यामुळे काही क्रीम फुटतात आणि कार्बोमरची (जेलला घट्टपणा देणाऱ्या पदार्थाची) जेल तर पाण्यासारखी पातळ होते. माप वजनानेच घ्या. हलकी पावडर चमच्यात कधी दाबून बसते, कधी फुगून. झिंकसकट एकूण १०० ग्रॅम क्रीममध्ये २० टक्के हवं असेल तर काट्यावर २० ग्रॅम. पावडर उडते, म्हणून मास्क लावा.

वासासाठी लिंबाचं किंवा बर्गमॉटचं तेल? नकोच. त्यांतल्या फ्युरोकुमारिनमुळे उन्हात त्वचा भाजल्यासारखी होऊ शकते. सनस्क्रीनमध्ये ते घालणं म्हणजे आगीत तेल. गुलाबपाणी किंवा कोरफड घातलीत तर प्रिझर्वेटिव्ह लागतोच. व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही, जंतूंना मात्र अडवत नाही.

लावतानाही हात आखडतो. एसपीएफची चाचणी दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावून होते. चेहरा पांढरट दिसतो म्हणून आपण त्याच्या निम्मंसुद्धा लावत नाही. दर २ तासांनी, आणि घाम पुसल्यावर लगेच, पुन्हा लावावं लागतं ते वेगळंच.

मी स्वतः घरचं क्रीम सकाळच्या छोट्या फेरीपुरतंच वापरते, तेही टोपी घालून. दुपारभर उन्हात राहायचं असेल, किंवा लहान मुलांना लावायचं असेल, तर चाचणी झालेलं विकतचंच. आणि डब्यात वर तेल आलेलं दिसलं तर ढवळून पुन्हा वापरू नका. वरचं ते तेल लावलंत, तर झिंक तळाशीच राहतं, आणि ढवळलंत तरी ते पुन्हा सारखं पसरेलच असं नाही.