काळ्या पाषाणाचं देऊळ जलरंगात: सिन्नरचा गोंदेश्वर

गोंदेश्वर रंगवताना काळ्या रंगाची ट्यूब उघडूच नका. हा बेसाल्ट लांबून काळा वाटतो, पण उन्हातला भाग तपकिरी असतो, सावलीतला निळसर, आणि अधूनमधून दगडफुलाचे पांढुरके चट्टे. हा सगळा राखाडी अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) या दोनच रंगांतून मिळतो. सावलीसाठी निळा वाढवा, उन्हासाठी सिएना. या मिश्रणात तिसरा-चौथा रंग घातलात की चिखल होतो.

मुख्य देऊळ पूर्वाभिमुख आहे. हिवाळ्यात सकाळी नऊच्या सुमारास ईशान्येकडे बसा, कोपऱ्यातलं छोटं देऊळ आड येणार नाही इतपत सरकून. पूर्वेची बाजू उन्हात, उत्तरेची सावलीत, म्हणजे ठोकळा आपोआप उभा राहतो. मे-जूनमध्ये सकाळचं ऊन उत्तरेच्या भिंतीवरही येतं, तेव्हा हे जमत नाही.

कागद जाड, ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम), ११ × १५ इंच. आधी नजरेची रेषा (डोळ्यांच्या उंचीवरची आडवी रेषा) आणि शिखराचा मधला अक्ष आखा. गोंदेश्वरचं शिखर भूमिज पद्धतीचं आहे: प्रत्येक बाजूला मधोमध एक लता, म्हणजे कोरीव उभा पट्टा, सरळ वर जाते आणि दोन लतांमधल्या जागेत छोट्या शिखरांच्या रांगा एकावर एक चढतात. म्हणून आधी लता, मग आडवे थर. वरचा प्रत्येक थर खालच्यापेक्षा बुटका आणि अरुंद. सगळे थर सारख्या उंचीचे काढले तर शिखर डोक्यावर जड दिसतं. नवशिक्यांचं चित्र बहुधा इथेच फसतं. प्रत्येक छोटं शिखर कोरत बसू नका. ऊन-सावलीच्या सीमेवरची तीन-चार नीट काढा, बाकी ठिपक्यांवर भागतं.

रंगाआधी सावलीची कड पेन्सिलीने पक्की करा. वीस-पंचवीस मिनिटांत ती सरकते. तिच्यामागे धावलात तर चित्रात दोन वेगवेगळ्या वेळा मिसळतात. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी फ्रान्समधल्या रुआँच्या कॅथेड्रलची तीसहून जास्त चित्रं केली, ती उजेड बदलला की कॅनव्हास बदलून. तुम्हीही दुसरा कागद जवळ ठेवा.

पहिला वॉश (पाणीदार रंगाचा पातळ थर) यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, आणि थोडा सिएना, संपूर्ण दगडावर, उन्हाच्या कडा कोऱ्या सोडून. पूर्ण वाळू द्या. अर्धवट ओल्यावर पाणीदार ब्रश टेकवला तर फुलकोबीसारखे डाग पडतात. दुसरा वॉश सावलीचा, मोठ्या ब्रशने एका दमात, वरून खाली. तो ओला असतानाच छज्जाच्या पोटाशी थोडा सिएना सोडा: उन्हातल्या जोत्यावरून परतलेला उजेड तिथे पोहोचतो, त्यामुळे ती सावली उबदार असते. हे सुटलं तर सावली कापून चिकटवल्यासारखी दिसते. शेवटी मंडपाच्या आतला गडद भाग, जवळपास पाण्याशिवाय.

हे संरक्षित स्मारक आहे. स्टँड लावण्याआधी तिथल्या पहारेकऱ्याला विचारा आणि रंगाचं पाणी बाटलीत भरून परत न्या, कारण सच्छिद्र दगडात मुरलेला रंग निघत नाही.