‘व्हायरस बदललाय’ म्हणण्याआधी या चुका टाळा

डिसेंबर उजाडला की उमरेड-काटोलकडच्या कोंबड्यांच्या शेडांवरून फोन सुरू होतात. रात्री लाइट बंद केल्यावर घरघर ऐकू येते, लॉट चोवीस दिवसांचा, वजन मागे. “डॉक्टरसाहेब, लस तं टायमावर देल्ली ना! मंग काहून असं? व्हायरस बदलला असन.” असेलही बदललेला. पण बहुतेक वेळा त्याआधी आपलंच काहीतरी चुकलेलं असतं. आणि तो खरोखर बदललेला असतो तेव्हा आपण पाठवलेल्या नमुन्यात दिसतच नाही.

पहिली गफलत म्हणजे मानमोडी आणि आयबी (इन्फेक्शस ब्रॉंकायटिस, म्हणजे श्वासनळीचा संसर्गजन्य आजार) एकाच पोत्यात भरणं. मानमोडीच्या, म्हणजे रानीखेतच्या व्हायरसचे जनुकीय प्रकार पुष्कळ. आपल्याकडे तेरावा जीनोटाइप सापडतो, लासोटा लस दुसऱ्या जीनोटाइपची. तरीही सीरोटाइप, म्हणजे प्रतिपिंडांना दिसणारा चेहरा, एकच, त्यामुळे नीट पोचलेली लासोटा मर रोखते. व्हायरसचं बाहेर पडणं मात्र ती पूर्ण थांबवत नाही. म्हणून लस दिलेल्या लॉटमध्ये मानमोडीने मर लागली, तर व्हायरसआधी पाण्याच्या टाकीकडे बघा.

आयबीचं तसं नाही. १९३१ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात पहिल्यांदा नोंदला गेलेला हा व्हायरस कोरोना कुळातला आहे; त्याचा आरएनए, म्हणजे जनुकीय मजकूर, सुमारे २७,६०० अक्षरांचा. त्याच्या अंगावरच्या काट्याचा टोकाकडचा भाग, एस१, बदलला की एच१२०सारख्या मॅसॅच्युसेट्स गटाच्या लसीने तयार केलेल्या प्रतिपिंडांना तो नीट ओळखू येत नाही. भारतातल्या काही नमुन्यांना वर्गीकरणात जीआय-२४ असं स्वतंत्र घराणंच मिळालंय. हा व्हायरस दोन तऱ्हांनी बदलतो. एक, नक्कल करताना अक्षर चुकतं. दोन, एकाच पेशीत दोन वेगळे आयबी व्हायरस शिरले तर नक्कल करणारं यंत्र मध्येच एका धाग्यावरून दुसऱ्यावर उडी मारतं. पोराने वही उतरवताना अर्धं पान डावीकडच्या मित्राचं आणि अर्धं उजवीकडच्याचं उतरवावं, तसं.

म्हणूनच सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कोणी सांगितलं म्हणून नव्या स्ट्रेनची (व्हायरसच्या वेगळ्या प्रकाराची) जिवंत लस आणून पाजणं. तो स्ट्रेन तुमच्या भागात नसेल, तर उतरवायला आणखी एक वही तुम्हीच ठेवली. हे मी अगदी ओळखीच्या लोकांनाही पटवू शकलेलो नाही, कारण ‘नवीन लस’ या शब्दाची भुरळ जबर असते.

आता टाकी. मागच्या उन्हाळ्यात एका शेडवर सकाळी साडेनऊला लस चालू होती. काळी टाकी, पत्र्याच्या वर, नागपूरचा मे महिना. पाण्यात हात घातला तर आंघोळीचं पाणी. त्यात आदल्या दिवशी ब्लीचिंग पावडर टाकलेली. पक्षी तहानलेले ठेवलेच नव्हते, आणि हजार डोसची बाटली दीड हजार पक्ष्यांना, “होऊन जाते साहेब”. पुढच्या वेळी आम्ही पहाटे पाच वाजता थंड, बिनक्लोरीनच्या पाण्यात लिटरमागे अडीच ग्रॅम स्किम दूध पावडर आणि निळा रंग टाकला, आणि तासाभराने शेडच्या चारही कोपऱ्यांतून शंभर पक्षी धरून जिभा पाहिल्या. निळ्या जिभा नव्वदच्या वर हव्यात. दारापासच्या कोपऱ्यात निम्म्याच निघाल्या. त्या टोकाला निपलची लाइन (पक्ष्यांना पाणी देणारी नळी) तुंबली होती. अर्धवट डोसाचं दुखणं दुहेरी असतं. अर्धे पक्षी उघडे राहतात, आणि लसीचाच व्हायरस त्यांच्यात एकाकडून दुसऱ्याकडे फिरत थोडाथोडा तिखट होत जातो.

थंडीत पडदे पूर्ण बंद करून अमोनिया कोंडणं हीही तशीच चूक. डोळ्यांना झोंबलं म्हणजे २५ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत २५) केव्हाच ओलांडलं असं समजा. श्वासनळीचे केस अमोनियाने झडले की साधी लससुद्धा घरघर आणते, आणि नाव ‘व्हेरियंट’चं होतं. प्रत्येक घरघरीला सीआरडी (जिवाणूंमुळे होणारा जुनाट श्वसनरोग) समजून अँटिबायोटिक सुरू करण्याबद्दल मी इथे बोलतच नाही. व्हायरसवर ते चालत नाही एवढं सगळ्यांना ठाऊक आहे, तरी पाकीट फुटतंच.

एवढं तपासूनही शंका राहिली तरच नमुना. इथे माझीच एक फजिती सांगतो. सुरुवातीच्या काळात मी दहा दिवस आजारी असलेला, ई. कोलाय जिवाणूने पोखरलेला पक्षी निवडला, कारण तो ‘सगळ्यात वाईट’ दिसत होता. कोरडा स्वॅब, प्लॅस्टिकची पिशवी, रात्रीची ट्रॅव्हल्स. रिपोर्ट आला निगेटिव्ह. आयबीचा व्हायरस श्वासनळीत पहिल्या आठवड्यात भरपूर असतो, मग तिथून ओसरतो. म्हणून कालपरवा घरघर सुरू झालेले आठ-दहा पक्षी घ्या. स्वॅबची काडी प्लॅस्टिकची, लाकडी नको. तो नमुना टिकवणाऱ्या वाहक द्रावणात, बर्फासह थर्मोकोलच्या डब्यात ठेवा. घरच्या फ्रीजरमध्ये गोठवून-वितळवून पाठवू नका. बर्फाची सोय नसेल तर एफटीए कार्डावर (नमुना सुकवून ठेवायच्या खास कागदावर) दाबून सावलीत सुकवा. त्यावरून व्हायरस वाढवता येत नाही, पण जनुक वाचता येतो. आजार आठवड्याच्या पुढे गेला असेल तर किडनी आणि सीकल टॉन्सिलही (आतड्यातली गाठ) द्या. आपल्याकडे व्हेटरनरी कॉलेज हाताशी आहे. काय, कसं आणि केव्हा आणायचं हे आधी विचारून घेतलं की अर्धी कटकट वाचते.

चिठ्ठीवर लसींच्या तारखा नसतील तर रिपोर्ट वाचायचा कसा? सोळाव्या दिवशी एच१२० दिली आणि बाविसाव्या दिवशी स्वॅब घेतला, तर ‘मॅसॅच्युसेट्स’ येणारच. तो तुमचीच लस असू शकतो. दुसरं, रिपोर्टमध्ये ‘९८ टक्के जुळतो’ दिसलं की हायसं वाटतं. पण किती अक्षरं वाचली ते पाहा. एस१ जनुक सुमारे १,६०० अक्षरांचं. त्यातली चारशे वाचली असतील तर पुढच्या पानावर दुसऱ्याची वही सुरू झालेली कळणारच नाही. एलायझाचा (रक्तातली प्रतिपिंडं मोजणाऱ्या चाचणीचा) आकडा चढला याचा अर्थ व्हायरस किंवा लस भेटली एवढाच. प्रकार त्यातून कळत नाही, आणि एकाच वेळच्या रक्तापेक्षा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने घेतलेलं दुसरं रक्त जास्त बोलतं.

लेअरवाल्यांची, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्यांची, एक खास चूक. पंचविसाव्या आठवड्यात तुरे लाल, पक्षी टवटवीत, अंडी मात्र नाहीत. अशी कोंबडी उघडल्यावर अंडनलिकेच्या जागी पाण्याने तट्ट भरलेली पिशवी निघाली, तर संसर्ग पहिल्या दोन आठवड्यांत झालेला असू शकतो. आज स्वॅब घेऊन तो व्हायरस सापडत नाही. म्हणून पिल्लांना शिंका आल्या की तेव्हाच एफटीए कार्डावर नमुना घेऊन ठेवा.

आणि अचानक मर लागली, तुरे निळे, डोकी सुजलेली, तर सुरी ठेवून द्या. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्याच, नागपूरच्या गोरेवाडा वन्यजीव बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले, तपासणीत एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा व्हायरस, निघाला. असा पक्षी शेडवर उघडायचा नाही, विकायचा नाही, नाल्यात फेकायचा नाही. पशुसंवर्धन विभागाला कळवायचं. नमुने तेच घेतात आणि भोपाळच्या प्रयोगशाळेला पाठवतात. तोवर शेडमधले बूट शेडमध्येच राहू द्या.