जुन्या मराठी रेकॉर्ड्स कशा शोधाव्यात

शोधाची सुरुवात घरातच होते. हव्या त्या रेकॉर्डवर कंपनीने छापलेला क्रमांक आधी वहीत उतरवून घ्या. एकच पद आधी ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकडीवर, मग ईपीवर म्हणजे मोजकी गाणी असलेल्या छोट्या रेकॉर्डवर आणि पुढे एलपीवर म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या मोठ्या रेकॉर्डवर निघालेलं असू शकतं. दुकानात नुसतं ‘हिराबाई बडोदेकर आहेत का?’ विचारलं, तर हाताला येईल ते पुढे केलं जातं. एचएमव्ही कंपनीच्या क्रमांकात ‘७ईपीई’ दिसलं तर ती सात इंची ईपी. ‘ईसीएलपी’ म्हणजे बारा इंची मोनो एलपी आणि ‘ईसीएसडी’ म्हणजे स्टिरिओ. डिस्कॉग्ज या रेकॉर्ड्सच्या वेबसाइटवर बरेच क्रमांक मिळतात. ७८ च्या तबकड्यांसाठी मुंबईत १९९० साली सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या नियतकालिकाचे जुने अंक चाळा.

मग माणसांना सांगून ठेवा. वाडा पाडायला निघाला की माळ्यावरच्या तबकड्या सर्वांत आधी रद्दीवाल्याकडे जातात, म्हणून त्याच्याकडे तुमचा फोन नंबर हवाच. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट गाठा, पण शुक्रवार टाळा, तेव्हा दुकानं बंद असतात.

खरी कसोटी रेकॉर्ड हातात आल्यावर लागते. इथे अजिबात घाई करू नका. कव्हरवरचा आणि लेबलवरचा क्रमांक जुळतो का, हे पैसे देण्याआधी पाहा. मी एकदा नाट्यसंगीताचं कव्हर पाहून एलपी घेतली आणि घरी आल्यावर आतून भलतीच निघाली. फार हळहळलो होतो. रेकॉर्ड डोळ्यांच्या रेषेत आडवी धरली की वाकलेली असल्यास लगेच कळतं. मग मोबाइलच्या टॉर्चखाली तिरकी धरा. नुसत्या दिसणाऱ्या बारीक रेघा चालतात, पण नखाला लागणारा ओरखडा वाजताना टक्‌टक्‌ करणारच. ७८ च्या खाचा करड्या पडल्या असतील तर पोलादी पिनांनी त्या खाल्लेल्या आहेत. आवाजाऐवजी खरखरच ऐकू येईल. या तबकड्या लाखेच्या असतात, काठाला केसाएवढी चीर असली तरी ती वाढत जाते. अर्थात दुर्मीळ काही मिळालं, तर मी चिरेसकट घेतो.

७८ च्या खाचा एलपीपेक्षा सुमारे तिप्पट रुंद असतात. त्यांना एलपीची पिन लावू नका, वेगळी घ्या.

पावसाळ्यातली बुरशी रेकॉर्डवर पांढऱ्या ठिपक्यांसारखी दिसते. मऊ कापड आणि साधं पाणी घ्या, लेबल मात्र कोरडं ठेवा. लाखेच्या तबकडीला स्पिरिट कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते. धुतलेली रेकॉर्ड पूर्ण सुकू द्या आणि आतलं जुनं कागदी पाकीट बदला. बुरशी त्या कागदातही असते.