पॉलिश बिघडलं की लगेच वरून अजून एक हात मारू नका

गेल्या जुलैत आजोबांची सागवानी आरामखुर्ची घरीच पॉलिश करायला घेतली. जुनं पॉलिश घासून काढलं, चपडा (लाखेपासून केलेल्या पातळ चकत्या) स्पिरिटमध्ये विरघळवून तीन हात, म्हणजे थर, दिले, मस्त मधासारखा रंग आला, आणि चौथा हात दिला त्या संध्याकाळी धो धो पाऊस. सकाळी बघतो तर खुर्चीच्या दोन्ही लांब हातांवर दुधावरच्या सायीसारखा पांढुरका थर. मला वाटलं वरून अजून एक हात मारला की झाकलं जाईल म्हणून मारला, मग अजून एक मारला, आणि पांढरं होतं तसंच आत दिसत राहिलं. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतोय, पॉलिश बिघडलं की डबा बंद करा आणि आधी कारण शोधा, कारण पारदर्शक थराखाली काहीच लपत नाही.

हा पांढरेपणा म्हणजे ओल. स्पिरिट भराभर उडतं तेव्हा लाकडाचा वरचा भाग गार पडतो आणि फ्रिजमधून काढलेल्या बाटलीवर जसं पाणी धरतं तशी हवेतली वाफ तिथे बसते आणि पॉलिशच्या आत अडकते. चपड्याचं पॉलिश असेल तर उपाय सोपा आहे. आमच्या गल्लीतल्या पॉलिशवाल्या काकांनी मला तो करून दाखवला. कोरडा, उन्हाचा दिवस बघायचा, कापूस मलमलच्या कपड्यात बांधून पुरचुंडी करायची, तिला स्पिरिट लावायचं आणि पिळून इतकी कोरडी करायची की गालाला लावली तर फक्त गार लागेल, ओली नाही. मग लाकडाच्या रेषेच्या दिशेने हलक्या हाताने न थांबता फिरवायची. काकांनी एकदा फिरवली आणि माझ्या डोळ्यासमोर तो पांढरा थर विरत गेला, खालून सागाच्या रेषा वर आल्या. पुरचुंडी मध्येच थांबवली तर मात्र तिथे चिकटते आणि खड्डा पडतो. माझे वरचे दोन हात जाड बसले होते म्हणून मला हे तीनदा करावं लागलं, दर वेळी मध्ये तासभर सुकू देऊन.

पण हे चपड्यालाच चालतं, म्हणून मुळात आपल्या लाकडावर काय आहे ते कळायला हवं. खुर्चीच्या खालच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाने स्पिरिट लावून मिनिटभर थांबा. चिकट झालं तर चपडा. नाही झालं तर एनसी थिनर (लॅकर पातळ करायचं द्रावण) लावून बघा, मऊ पडलं तर लॅकर. दोन्हीने काही झालं नाही तर बहुतेक मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा व्हार्निश, आणि ते एकदा पक्कं झालं की परत विरघळत नाही, त्यात ओल अडकली असेल तर तो थर घासूनच काढावा लागतो. पावसाळ्यात शक्यतो पॉलिशचं काम काढूच नका, दिवाळीच्या आधीच्या उन्हात करा.

दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे पॉलिश लावल्या लावल्या छोटे गोल खड्डे पडतात, माशाच्या डोळ्यासारखे, आणि पॉलिश तिथून बाजूला पळतं. लाकडात तेल, मेण किंवा सिलिकॉन मुरलेलं असतं. आपल्याकडे वर्षानुवर्षं फर्निचरला खोबरेल चोळतात, वर चमकवायचे स्प्रे मारतात, ते सगळं आत बसलेलं असतं. पॉलिशचा तो हात ओला असतानाच थिनरने पुसून टाका, सुकल्यावर टर्पेंटाइनने दोन-तीनदा पुसा, दर वेळी कपडा नवा घ्या नाहीतर तेच तेल सगळीकडे पसरतं. मग चपड्याचा एक पातळ हात द्या, तो तेल आत दाबून ठेवतो. वर पीयू मारायचं असेल तर मेण काढलेला चपडाच घ्या, साध्या चपड्यातल्या मेणामुळे पीयू नीट धरत नाही.

चिकचिक राहते, चार दिवस झाले तरी बोटाचा ठसा उठतो? चपडा असेल तर बहुतेक तो जुना आहे. विरघळवून ठेवलेला चपडा महिनोन्‌महिने पडून राहिला की वाळतच नाही, त्यामुळे लागेल तेवढाच करा, लिटरभर स्पिरिटला साधारण १५० ते २०० ग्रॅम, रात्रभर काचेच्या बाटलीत ठेवून सकाळी फडक्यातून गाळून. लोखंडी डबा वापरू नका, रंग काळपट होतो. चिकट राहिलेलं स्पिरिटने धुऊन काढायचं, दुसरा मार्ग नाही. व्हार्निश चिकट राहिलं असेल आणि लाकूड साग असेल तर सागाचं स्वतःचं तेल आड येतं, पुढच्या वेळी लावायच्या अगदी आधी थिनरने पुसून घ्या. दोन भागांचं पीयू असेल तर हार्डनरचं, म्हणजे त्यात मिसळायच्या कडक करणाऱ्या भागाचं, माप बहुतेक चुकलंय, डब्यावर लिहिलेलं प्रमाण मोजूनच घ्या, अंदाजाने नाही.

ओघळ आले तर ओले असताना बोट लावू नका. पूर्ण कडक होऊ द्या, मग ब्लेड उभं धरून वरचा फुगीर भाग खरवडा आणि ३२० नंबरच्या काचपेपरने सपाट करा. बुडबुड्यांचंही तेच. डबा हलवण्यापेक्षा काठीने हळू ढवळा आणि कडक उन्हात ठेवून पॉलिश लावू नका.

डाग आणि आडवे ओरखडे मात्र पॉलिशचा दोष नसतो, तो खालच्या घासण्याचा असतो. १२०, १८०, २२० असं क्रमाने आणि रेषेच्या दिशेनेच घासा, मग मोबाइलचा टॉर्च आडवा धरून बघा आणि ओल्या फडक्याने एकदा पुसा, सांडलेल्या फेविकॉलचा डाग तेव्हाच फिकट दिसतो आणि तेव्हाच घासून निघतो. कपबशीचं पांढरं वर्तुळ वरच्या थरात असतं, पॉलिश चपड्याचं असेल तर ते स्पिरिटच्या पुरचुंडीने जातं. काळं वर्तुळ लाकडात उतरलेलं असतं, त्याला पॉलिश पूर्ण काढून गरम पाण्यात विरघळवलेलं ऑक्झॅलिक ॲसिड लावावं लागतं, हातमोजे आणि मास्क घालूनच, आणि नंतर साध्या पाण्याने भरपूर पुसून दोन दिवस सुकवायचं. ते विषारी आहे, मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका.

स्पिरिट, थिनर वापरताना खिडक्या उघड्या ठेवा आणि गॅस बंद. अळशीचं तेल लावलं असेल तर त्याची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. दोरीवर पसरून वाळवा आणि मगच फेका.