कॉन हा इंग्लिश शब्द कुठे अन कसा वापरायचा
चीट म्हणजे कुठलीही फसवणूक, परीक्षेतली कॉपी पण त्यातच आली, पण कॉन म्हणजे आधी विश्वास कमवायचा अन मग चुना लावायचा, मूळ शब्दच कॉन्फिडन्स आहे ना. 1849 मध्ये न्यूयॉर्कला एक जण अनोळखी लोकांना म्हणायचा, विश्वास ठेवून उद्यापर्यंत घड्याळ देता का, अन पसार! त्याच्यावरूनच कॉन्फिडन्स मॅन हा शब्द चालला.

आता वापर बघा. सीताबर्डीवर माझ्या आत्याला एकाने ताई ताई करत 500 रुपयांत इयरफोनचा सीलबंद डबा दिला, घरी उघडला तर आत नुसता पुठ्ठा, लय वाईट वाटलं बिचारीला. इथे म्हणायचं, ही कॉन्ड हर आउट ऑफ फाइव्ह हंड्रेड रुपीज. गोड बोलून काही करायला लावलं तर इनटू, म्हणजे ही कॉन्ड हर इनटू बायिंग इट. गर्दीत पाकीट मारलं तर मात्र कॉन म्हणू नका, तिथं विश्वासाचा संबंधच नाही.