विंडोजवरून लिनक्सवर घरगुती रेकॉर्डिंग नेताना या चुका टाळा

विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) नसलेल्या किंवा जुन्या प्रोसेसरच्या संगणकांवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. कोल्हापुरात राहत्या घरातील एखाद्या खोलीत भजन, पोवाडा, हलगीचे ठेके किंवा तालीम मंडळांसाठी गणेशोत्सवाची गाणी रेकॉर्ड करणाऱ्या अनेकांकडे नेमके असेच संगणक आहेत, आणि रेकॉर्डिंगपुरते ते अजूनही धडधाकट आहेत. त्यांच्यासाठी विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स ही प्रणाली चांगला पर्याय आहे असे माझे मत आहे. मात्र अडचण आली की आधी ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) शोधायला निघायचे, ही विंडोजवर अंगवळणी पडलेली सवय मागे ठेवावी लागते. लिनक्समध्ये बहुतेक यूएसबी इंटरफेसचा, म्हणजे माइक व वाद्ये संगणकाला जोडणाऱ्या उपकरणाचा, ड्रायव्हर कर्नेलमध्येच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच, असतो. दोष बहुधा आवाजाच्या मार्गात, परवानगीत किंवा विजेत सापडतो.

विंडोज पुसण्याची घाई

सर्वांत महाग पडणारी चूक लिनक्स बसवण्याआधीच होते. क्युबेस, एफएल स्टुडिओ आणि एबलटन लाइव्ह या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामांच्या लिनक्स आवृत्त्या नाहीत, त्यामुळे त्यांत तयार केलेले जुने प्रकल्प विंडोज पुसल्यावर उघडण्याचा खात्रीचा मार्ग उरत नाही. विंडोज चालू असतानाच प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सुरू होईल अशा रीतीने स्वतंत्र वेव्ह फाइलमध्ये काढून ठेवावा, त्यासोबत गाण्याची लय आणि सॅम्पल रेट (दर सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले तो आकडा) लिहून ठेवावा, आणि शक्य असल्यास इफेक्ट लावलेली व न लावलेली अशा दोन्ही प्रती घ्याव्यात. रीपर हा प्रोग्राम वापरणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, कारण रीपरची लिनक्स आवृत्ती तीच प्रकल्प-फाइल उघडते. आर्डर, बिटविग स्टुडिओ आणि वेव्हफॉर्म हेही लिनक्सवर मूळ स्वरूपात चालतात. बदलासाठी वेळही विचारपूर्वक निवडावी. गणपतीच्या तोंडावर मंडळांची कामे हातात असताना संगणकाची प्रणाली बदलणे म्हणजे दोन्हीकडून अडकणे आहे.

इंटरफेस आधी पेनड्राइव्हवर तपासा

लिनक्स न बसवताही पेनड्राइव्हवरून चालवून पाहता येते, आणि इंटरफेस ओळखला जातो की नाही एवढे त्यातून नक्की कळते. पेनड्राइव्हचा वेग कमी असल्यामुळे तेवढ्यावरून लेटन्सीचा (आवाज ऐकू येण्यास लागणाऱ्या उशिराचा) निष्कर्ष मात्र काढू नये. नवा इंटरफेस घेणार असाल, तर खोक्यावर आयपॅडसोबत चालण्याचा उल्लेख आहे का ते पाहावे. आयपॅडवर सहसा वेगळा ड्रायव्हर टाकला जात नाही, त्यामुळे असे उपकरण बहुधा यूएसबी ऑडिओच्या सर्वमान्य पद्धतीने चालणारे असते, आणि लिनक्सलाही तेवढेच पुरते. फोकसराइट स्कार्लेटच्या तिसऱ्या पिढीतील सोलो आणि २आय२ हे इंटरफेस कारखान्यातून स्टोरेज मोडमध्ये येतात, म्हणजे संगणकाला ते आवाजाच्या उपकरणासोबत एखाद्या पेनड्राइव्हसारखेही दिसतात. तो मोड बंद केल्याखेरीज त्यांच्या सर्व सोयी मिळत नाहीत.

जुन्या मार्गदर्शिकांवर विसंबणे

लिनक्सवरील आवाजाविषयी आंतरजालावर सापडणारे बरेचसे लेखन पल्सऑडिओ आणि जॅक या दोन वेगवेगळ्या व्यवस्था होत्या त्या काळातील आहे. ब्राउझर आणि इतर रोजचे प्रोग्राम पल्सऑडिओमधून, तर रेकॉर्डिंगचे प्रोग्राम जॅकमधून आवाज नेत, आणि दोघांत इंटरफेसच्या ताब्यावरून ओढाताण होई. म्हणून त्या लेखांत पल्सऑडिओ बंद करा, जॅक हाताने सुरू करा, अशा सूचना असतात. आज ही दोन्ही कामे पाइपवायर ही एकच व्यवस्था करते. लिनक्सच्या वेगवेगळ्या रूपांपैकी फेडोरा ३४ ने ती २०२१ मध्ये स्वीकारली, उबंटूने २२.१० पासून, आणि लिनक्स मिंटने आवृत्ती २२ पासून. या प्रणालींवर जुन्या सूचना जशाच्या तशा पाळल्या, तर चांगली चाललेली व्यवस्था मोडते, आणि मग जे बिघडले ते लिनक्सच्या माथी मारले जाते.

यातूनच येणारी, आणि मला वाटते सर्वांत जास्त लोकांना अडवणारी, तक्रार अशी असते की रेकॉर्डिंगचा प्रोग्राम सुरू केला की उपकरण व्यस्त असल्याचा संदेश येतो, किंवा प्रोग्राम चालतो पण ब्राउझरचा आवाज जातो. कारण असे की आर्डर किंवा रीपरला सेटिंगमध्ये आल्सा निवडून दिले, तर तो प्रोग्राम पाइपवायरला वळसा घालून इंटरफेस थेट ताब्यात घेतो. आल्सा ही कर्नेलमधील पायाभूत पातळी आहे आणि तिथे एका उपकरणाला सहसा एकच धनी असतो. सेटिंगमध्ये आल्साऐवजी जॅक निवडल्यास तीच मागणी पाइपवायर स्वतः पूर्ण करते आणि इतर प्रोग्रामही चालू राहतात. साध्या उबंटू किंवा डेबियनवर यासाठी पाइपवायर-जॅक हे पॅकेज बसवून ते मूळ जॅकच्या जागी लागू करावे लागते. उबंटू स्टुडिओ आणि फेडोरा यांनी ती सोय आधीच केलेली आहे. नवख्या माणसाने उबंटू स्टुडिओपासून सुरुवात करावी असे मी म्हणतो, ते एवढ्यासाठीच.

गायकाचा आवाज फक्त डाव्या कानात येणे हाही मार्गाचाच दोष आहे. दोन इनपुटच्या इंटरफेसला प्रणाली एक स्टिरिओ जोडी समजते, त्यामुळे पहिल्या इनपुटमधील माइक डावीकडे आणि दुसऱ्यातील हार्मोनियम उजवीकडे जाते. आवाजाच्या सेटिंगमध्ये त्या उपकरणासाठी प्रो ऑडिओ हा प्रोफाइल निवडावा, म्हणजे सर्व इनपुट सुटे मिळतात, आणि प्रत्येकासाठी मोनो ट्रॅक उघडावा.

लेटन्सीच्या मागे धावणे

विंडोजवर एएसआयओची (कमी उशिराच्या ड्रायव्हरची) सवय असलेले लोक लिनक्सवर आल्याबरोबर बफर (एका वेळी साठवून पुढे पाठवला जाणारा आवाजाचा तुकडा) शक्य तितका लहान करतात आणि मग तडतड ऐकू आली की हताश होतात. थोडे गणित करून पाहावे. ४८,००० सॅम्पल रेटला १२८ फ्रेमचा (नमुन्यांचा) बफर म्हणजे सुमारे २.७ मिलिसेकंद, २५६ चा म्हणजे सुमारे ५.३, आणि पाइपवायरचा मूळचा १०२४ चा म्हणजे सुमारे २१.३ मिलिसेकंद होतात. हवेतून ध्वनी साधारण ३४३ मीटर प्रतिसेकंद वेगाने जातो, तेव्हा २१.३ मिलिसेकंद म्हणजे सात मीटरवर उभ्या असलेल्या वादकाला ऐकण्याइतका उशीर झाला. प्रत्यक्षात जाणे आणि येणे अशी दोन्ही वेळ धरावी लागते, त्यात यूएसबी व रूपांतरणाचा वेळ मिळवावा लागतो, म्हणून स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये ऐकत गाणाऱ्याला १०२४ चा बफर नक्कीच खटकतो.

पण गाणे किंवा हलगी रेकॉर्ड करताना हा प्रश्न संगणकाने सोडवायची गरजच नसते. बहुतेक इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचे बटण असते. ते दाबले की माइकचा आवाज संगणकात न जाता थेट हेडफोनमध्ये येतो, आणि बफर ५१२ किंवा १०२४ ठेवूनही काम निर्वेध चालते. अशा वेळी प्रोग्राममधील त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद करण्यास विसरू नये, नाहीतर आवाज दोनदा ऐकू येतो. लहान बफर खरोखर लागतो तो मिडी कीबोर्डवरून संगणकातील वाद्य वाजवताना किंवा गिटार संगणकातील अॅम्पमधून ऐकताना. तेवढ्यापुरता तो १२८ करावा आणि काम झाले की पुन्हा वाढवावा. ब्लूटूथ हेडफोन या कामासाठी विचारातही घेऊ नयेत.

तडतड कशाची, हे आधी ठरवा

हलगीच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज फुटला की तो बफरचा दोष की गेनचा (माइकची पातळी वाढवणाऱ्या बटणाचा), हे कानाने ओळखता येते. दर जोरकस थापेलाच आवाज फुटत असेल, तर गेन जास्त आहे. सर्वांत जोराची थाप मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतका तो उतरवावा, आणि बफरला हात लावू नये. तडतड थापेशी संबंध नसताना, शांत जागीही, मधूनच येत असेल, तर डेटा वेळेवर पोहोचत नाही असे समजावे. लिनक्सवर याला एक्सरन म्हणतात. टर्मिनलमध्ये पीडब्ल्यू-टॉप हा आदेश दिला की कोणत्या प्रोग्राममुळे किती वेळा चूक झाली याचा आकडा दिसतो. तो आकडा तडतडीबरोबर वाढतो का, ते पाहावे.

एक्सरन वाढत असतील तर लोक पहिल्याच दिवशी रिअल-टाइम (वेळेवर काम उरकण्यावर भर देणारा) कर्नेल बसवायला जातात. क्रम उलटा हवा. प्रथम इंटरफेस यूएसबी हबमधून काढून संगणकाच्या पोर्टला थेट लावावा, लॅपटॉपचा पॉवर मोड कार्यक्षमतेवर न्यावा आणि वाय-फाय बंद करून पाहावे. त्यानंतर परवानगी तपासावी. वापरकर्त्याचे नाव ऑडिओ या गटात असावे आणि त्या गटाला रिअल-टाइम प्राधान्य व मेमरी राखून ठेवण्याची मुभा असावी. गटात नाव घातल्यावर लॉग-आउट करून पुन्हा लॉग-इन केल्याशिवाय बदल लागू होत नाही, आणि केवळ एवढ्यामुळे अनेकांची संध्याकाळ वाया जाते. कर्नेलचा विचार सर्वांत शेवटी करावा. रिअल-टाइमची व्यवस्था २०२४ मध्ये आलेल्या ६.१२ पासून मुख्य कर्नेलच्या मूळ संहितेतच आहे, पण ती चालू करून बांधलेला कर्नेल वेगळा घ्यावा लागतो, आणि घरगुती रेकॉर्डिंगला त्याची गरज क्वचितच पडते.

प्लगइन आणि डिस्क

विंडोजचे प्लगइन (रेकॉर्डिंगच्या प्रोग्रामला जोडायचे इफेक्ट व वाद्ये) याब्रिज आणि वाइन या प्रोग्रामांच्या साहाय्याने लिनक्सवर चालवता येतात, परंतु आयलॉकसारख्या परवान्यावर चालणारे प्लगइन सहसा हट्ट करतात. त्यांच्यावर आठवडे घालवण्यापेक्षा एलएसपी, ड्रॅगनफ्लाय रिव्हर्ब, सर्ज एक्सटी, गिटारिक्स अशा मूळच्या लिनक्स प्लगइनांना प्रामाणिक संधी द्यावी. आवाज आणि ढोलकीच्या मिक्सिंगला त्यांत काही कमी पडत नाही. आर्डर किंवा रीपर फ्लॅटपॅक स्वरूपात घेतल्यास प्रणालीत बसवलेले प्लगइन त्याला दिसत नाहीत, कारण फ्लॅटपॅकमधील प्रोग्राम बंदिस्त खोलीत चालतो. प्लगइन सापडत नाही अशी तक्रार असेल तर सर्वप्रथम हेच पाहावे.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवली असतील, तर विंडोजमधील फास्ट स्टार्टअप बंद करावे. ते चालू असल्यास विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपलेल्या अवस्थेत आपले एनटीएफएस विभाजन (डिस्कचा विंडोजचा भाग) धरून ठेवते, आणि लिनक्समध्ये ते केवळ वाचण्यापुरते उघडते. रेकॉर्डिंग साठवले जात नाही असा संदेश येण्याचे हे एक नेहमीचे कारण आहे. चालू काम नेहमी लिनक्सच्या एक्स्ट४ विभाजनावरच करावे.

जुना ४४,१०० चा ट्रॅक ४८,००० च्या प्रकल्पात रूपांतर न करता जोडला, तर तो पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधील अंतराच्या जवळपास दीडपट वर चढतो. काळी एकमधील गाणे पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध कुठेतरी जाते आणि हार्मोनियमवाला आपली पेटीच उतरली की काय म्हणून गोंधळतो. आयात करताना रेट बदलण्याचा पर्याय निवडला की हा प्रश्न राहत नाही.

विजेचा दोष लिनक्सवर ढकलू नका

रेकॉर्डिंगमध्ये सतत घुमणारा बारीक आवाज येत असेल, तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर पुन्हा रेकॉर्ड करावे. आवाज गेला तर दोष अर्थिंगचा किंवा चार्जरचा आहे, आणि कोणतीही प्रणाली बसवली तरी तो तसाच राहील. पावसाळ्यात वीज मधूनमधून जाते, दाब वर-खाली होतो, म्हणून डेस्कटॉप वापरणाऱ्याने छोटा यूपीएस ठेवणे हितावह आहे. तरीही अडचण सुटली नाही आणि कोणाला विचारायचे ठरवले, तर लिनक्सचे नाव व आवृत्ती, कर्नेलचा क्रमांक, इंटरफेसचे पूर्ण नाव, सॅम्पल रेट, बफर आणि पीडब्ल्यू-टॉपवर दिसणारा चुकांचा आकडा एवढे सोबत द्यावे. केवळ आवाज येत नाही एवढेच लिहिले, तर उत्तर देणाऱ्याला पहिली पाच-सहा उत्तरे हीच माहिती विचारण्यात घालवावी लागतात.