सीजेडीचा संशय? मग हत्यारं अशी हाताळा

ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) यादीत बायोप्सीपुढे ‘सीजेडी?’, म्हणजे क्रॉइट्झफेल्ड-याकोब या मेंदूच्या जीवघेण्या आजाराचा संशय, दिसलं, की मी आधी डिस्पोजेबल सामान काढायला लावते. जे जाळून टाकता येतं ते जाळायचंच.

उरलेली हत्यारं वाळू द्यायची नाहीत. हा आजार करणारं वाकड्या घडीचं प्रोटीन म्हणजे प्रायॉन. स्टीलवर सुकलेला प्रायॉन निघता निघत नाही, म्हणून केस संपेपर्यंत ती ओलीच ठेवा. फॉर्मालिन अजिबात नको, त्याने तो उलट पक्का होतो. लिटरभर पाण्यात ४० ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड घालून त्यात तासभर बुडवा, पाण्याने धुवा, उघड्या ट्रेमध्ये १२१ अंशांवर तासभर ऑटोक्लेव्ह करा (दाबाच्या वाफेत ठेवा), मग नेहमीची सफाई. ट्रे ॲल्युमिनियमचा नको. कॉस्टिक, म्हणजे हेच सोडियम हायड्रॉक्साइड, तो खातं. हातमोजे, चष्मा सांगायला नकोच.

नव्या मुली विचारतात, “सिस्टर, एका प्रोटीनसाठी एवढं?” अगं, हेच प्रोटीन सरळ घडीत आपल्या प्रत्येकाच्या मेंदूत असतं. ते नसलेल्या उंदरांत वय वाढलं की नसांवरचं मायलिनचं आवरण झिजतं, म्हणजे ते कामाचं आहे. पण वाकडी घडी आली की ती शेजारच्या सरळ प्रोटीनलाही वाकवते. १९९३ मध्ये हे प्रोटीनच नसलेल्या उंदरांना प्रायॉन टोचले, ते आजारी पडले नाहीत. वाकवायला काही नव्हतंच!